फोन लावलाय का?

माझ्या अंगात स्वस्थपणा कमीच. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी गॅसपाशी जाऊन उभी राहते, आणि बस दिसायच्या आधी रस्त्याच्या मधोमध. त्यामुळे ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "यादीत नाव घालू आणि वाट बघू," तेव्हा मला आजाराइतकीच त्या वाट बघण्याची धास्ती वाटली. माझी किडनी द्यायला मी एका पायावर तयार होते. पण मलाच साखर. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले आणि नुसती मान हलवली. मुलगी पुण्याहून धावत आली, "माझी घ्या" म्हणाली, तर हे असे भडकले की तिनं तो विषय परत काढला नाही. मग राहिली यादी. कुणीतरी अनोळखी माणूस जाणार, त्याच्या घरची माणसं तशाही अवस्थेत मोठ्या मनानं हो म्हणणार, आणि मग आपल्याला फोन येणार.

दवाखान्यात हे काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या. माझ्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या, आवाज एकदम मऊ. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "काका, फोन कायम चालू पाहिजे. आधी तुमच्या नंबरवर करणार. नाही लागला तर काकूंच्या. तिथंही नाही लागला तर मला पुढच्या नावाकडे जावं लागतं हो. किडनी थांबत नाही." बाकीचं सगळं मी विसरले, पण ते 'पुढच्या नावाकडे' डोक्यात जाऊन बसलं.

आणि आमचे हे! नाशकात अंबडला एका कंपनीच्या टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस. मशीनला तेलपाणी वेळच्या वेळी, त्यात एका मिनिटाची हयगय नाही. पण स्वतःचा फोन लाल होऊन मरायला टेकल्याशिवाय लावायचे नाहीत. डायलिसिसला पडल्या पडल्या क्रिकेटच्या जुन्या मॅची बघायच्या, आणि घरी येताना फोन माझ्या हातात द्यायचा, तो असा की आत्ता जातो की मग जातो. मी ओरडायचे. हे म्हणायचे, "अगं, घरी जाऊन लावू की."

तोवर माझ्या लेखी चार्जर म्हणजे चार्जर. भोकात बसला की झालं. आमच्या सिडकोच्या घरात मिक्सरशेजारच्या बोर्डावर एक पांढरी वायर कायम लोंबकळत असायची. आला-गेला तिथं आपला फोन अडकवायचा. एका संध्याकाळी डायलिसिसहून आल्याबरोबर मी ह्यांचा फोन तिथं लावला, भाजी-भाकरी केली, आम्ही जेवलो, भांडी झाली, आणि सहज बघते तर फोन होता तिथंच. जेमतेम हललेला.

"अहो, फोन बिघडला!"

हे डोळे मिटून पडले होते. डायलिसिसनंतर त्यांच्यात बोलायचंही त्राण नसायचं. तरी म्हणाले, "फोनला काय धाड भरलीय? तू काय लावलंयस ते बघ आधी."

मग माझा चष्मा लावून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या अडॅप्टरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. तो ह्यांच्या जुन्या, बटणांच्या फोनचा निघाला. हे पडल्या पडल्या समजावत राहिले. अडॅप्टर देणार तेवढं देणार, वायर नेणार तेवढं नेणार, आणि फोन घेणार तेवढं घेणार. तिघांत जो सगळ्यात रडका, त्याच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं. "आणि एकमेकांचं जमलं नाही, तर तिघंही हळूच चालतात. आपल्या घरासारखं," असं म्हणून स्वतःच हसले. मला अजिबात हसू आलं नाही.

फोनबरोबर खोक्यात आलेला मूळ अडॅप्टर कुठाय, याचा शोध सुरू झाला. तो पुण्याला. मुलीनं दिवाळीत जाताना ह्यांचा उचलून नेला. मी फोन केला.

"अगं आई, सगळे सारखेच असतात."

"सारखे नसतात! त्याच्यावरची बारीक अक्षरं वाच!"

"तू कधीपासून अक्षरं वाचायला लागलीस?" म्हणून ती खो खो हसत सुटली. पण पुढच्या शनिवारी अडॅप्टर घेऊन आली. बोलण्यात फटकळ, पण माझ्यासारखी नाही, समजूतदार आहे.

तरी फोन रडतखडतच. आता दोष वायरचा. ह्यांना पडून बोलता यावं म्हणून मी शालिमारला हातगाडीवरून चांगली लांबलचक, लाल-काळ्या विणीची वायर आणली होती. दिसायला भारी. पण आतून तारा अगदी बारीक, त्यात एवढी लांब. ती गेली कपडे वाळत घालायला, खरंच सांगते, अजून गच्चीवर आहे. मग दुकानातून नीट बघून आखूड, जाड वायर आणली. त्या दिवशी फोनवर पहिल्यांदा 'जलद चार्जिंग' अशी अक्षरं उमटली आणि माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की मी देवापुढे साखर ठेवली. हे बघत होते. काही बोलले नाहीत, नशीब माझं.

काही महिने बरे गेले आणि परत तेच. पिन आत नीट बसेना. जरा हलली की थांबायचं. ह्यांनी टॉर्च लावून फोनच्या भोकात बघितलं आणि दात कोरायची लाकडी काडी मागितली. खिशातला कचरा, रुमालाचे धागे, सगळं आत दाबून बसलेलं. कोरायच्या आधी त्यांनी फोन बंद केला. बास, माझा पारा चढला.

"बंद केलात? आणि आत्ता फोन आला तर?"

"अगं, दोन मिनिटांत कोण मरतंय?"

आपण नेहमी म्हणतो तसंच ते म्हणाले. पण म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. ह्यांनी काडी खाली ठेवली. मग थोड्या वेळानं मान खाली घालून परत कोरायला लागले, आणि मी आत जाऊन उगाचच ओटा पुसला. कारण मी रोज सकाळी उठून ज्याची वाट बघत होते, ते म्हणजे कुणाचं तरी मरण होतं. देवापुढे हात जोडताना काय मागावं तेच मला कळेनासं झालं होतं.

अशानं मी सगळ्या गोतावळ्याला शिस्त लावली. "जेवलात का" मागे पडलं आणि "फोन लावलाय का" सुरू झालं. मुलगी पुण्याहून तेच विचारायची. सिन्नरची माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, ती तर रोज सकाळी माझ्या फोनवर, "वहिनी, दादाचा फोन लावलाय ना?" आणि मी म्हणायचे, "लावलाय, लावलाय." मुलगी चिडवायची, "आई, लावलाय म्हणजे कुणाला लावलाय? भिंतीला की माणसाला?" मी म्हणायचे, "मेले, तुला चेष्टा सुचते!"

त्या नणंदेनं सिन्नरला घर बांधलं आणि रविवारी वास्तुशांत ठेवली. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, त्यामुळे ह्यांना जरा तरतरी होती. बहिणीचं पहिलं घर म्हटल्यावर हे ऐकतात होय? मी आमची आखूड वायर आणि अडॅप्टर साडीच्या दुकानात मिळालेल्या चेनच्या पाकिटात घालून घेतली आणि निघालो.

घरात नुसती रेटारेटी. आतल्या खोलीत बोर्डावर आधीच सगळ्या पाहुण्यांचे फोन. एकाला बाजूला सारून मी ह्यांचा लावला, 'जलद चार्जिंग' उमटलेलं डोळ्यांनी बघितलं आणि मगच स्वयंपाकघरात गेले. माझा स्वतःचा फोन पर्समध्ये, आणि पर्स पलंगावर बायकांच्या पर्सांच्या ढिगात.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. मुलीला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून तिनं बापाला व्हिडिओ कॉल केला. ह्यांनी फोन माझ्या चार्जरवरून उपसला, तिला घरभर फिरवलं, खिडक्या दाखवल्या, टाकी दाखवली, आणि मग पूजेशेजारच्या खुर्चीत बसून तिला होम दाखवत राहिले. फोन उतरायला लागला म्हणून शेजारच्या गाण्याच्या स्पीकरला कुणाची तरी लोंबणारी वायर होती, ती खुपसली. विजेचं चिन्ह उमटलं. झालं, ह्यांचं समाधान! त्या स्पीकरच्या भोकातून येणार थेंबभर, आणि होमाच्या धगीत तापलेला फोन व्हिडिओपायी खाणार घोटभर. चिन्ह दिसतंय आणि टक्के उतरतायत. शेवटी तो मेला. ह्यांना वाटलं, मुलीनंच कॉल ठेवला. फोन तिथंच ठेवून हे गप्पा मारायला उठले.

मधे मी हातात ताटांची चवड घेऊन जाताना विचारलंसुद्धा, "अहो, फोन लावलाय ना?"

"लावलाय की," हे म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

पंगत बसली. हे पाटावर, मी तूप वाढतेय, आणि नणंद पदराला हात पुसत आली. चेहरा कसा खुललेला.

"वहिनी, तुमचा फोन केव्हाचा कोकलत व्हता. मी उचलला. कुणी बाई व्हती."

"कोण बाई?"

"काय माहीत, चष्मा नव्हता डोळ्याला. आणि बाहेर लय गलका. सारखी आपली विचारती, दादांचा फोन लागत नाय, तुम्ही लावा, लगेच लावा. मी म्हनलं, ओ बाई, लावलाय! केव्हाचाच लावलाय! तुम्ही नका काळजी करू. मग ठिवला."

माझ्या हातातली तुपाची वाटी कुणी घेतली ते मला आजही माहीत नाही. मी आत पळाले, पर्सांचा ढीग उपसला. फोनवर त्या दवाखान्याच्या मॅडमचं नाव. मी लावला. दुसऱ्या कॉलवर. परत लावला. दुसऱ्या कॉलवर. ती रेकॉर्ड केलेली बाई शांतपणे थांबायला सांगत होती आणि मला दिसत होतं, मॅडम आता पुढच्या नावाशी बोलतायत, आणि तिकडे कुणीतरी पहिल्याच रिंगला उचललाय. मला नणंदेचा राग आला, ह्यांचा आला, होमाचा, स्पीकरचा, त्या अख्ख्या नव्या घराचा राग आला. मी मोठ्यानं "उचल ग बाई, उचल" म्हणत होते.

लागला.

"काकू! अहो कुठं होतात? काकांचा फोन बंद. मग तुमच्या फोनवर कुणी ताई बोलल्या, लावलाय, केव्हाचा लावलाय. मला वाटलं तुम्ही दुसरीकडून काकांना लावताय, लागला की मला कळवाल. म्हणून मी थांबून राहिले हो, नाहीतर सोडलंच असतं तुमचं नाव. आता ऐका. किडनी आहे. तपासणीला लगेच या. काकांनी काही खाल्लंय का?"

मी दारातून बघितलं. ह्यांनी वरणभात कालवला होता आणि पहिला घास उचलला होता.

"अहो, खाऊ नका!"

अशी किंचाळले की भटजीसुद्धा दचकले. ह्यांचा हात हवेत. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि भरल्या पानावरून उठवलं. नणंदेचे डोळे भरून आले. वास्तूच्या दिवशी, तिच्या दारात, थोरला भाऊ पानावरून उठला. सासरची माणसं काय म्हणतील? ती मला म्हणाली, "वहिनी, काय चुकलं का आमचं?" मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. सगळं, तो 'लावलाय' काय होता, हेसुद्धा. ती खालीच बसली.

"म्हंजी मी घोळ केला?"

"अहो, घोळ केलात म्हणून तर नंबर राहिला आपला!" मी म्हटलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग आम्ही दोघीही रडलो, तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी. तीच मग डोळे पुसून ओरडली, "गाडी काढा कुणीतरी!"

मी बोर्डावरून आमची वायर आणि अडॅप्टर उपसून पाकिटात घातली आणि नणंदेच्या मिस्टरांनी गाडी काढली. ह्यांचा मेलेला फोन गाडीच्या चार्जरला लावला, तोही असला मुलखाचा आळशी की नाशिकरोड आल्यावर कुठं पडदा उजळला. उजळला तसे मिस कॉलचे निरोप टणाटण पडायला लागले. हे बघत बसले.

"वायर लावली होती गं मी. चिन्ह दिसत होतं."

"चिन्हावर जाऊ नका, टक्के बघत जा," मी खेकसले. द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी अडकली होती आणि मला उतरून पळत सुटावंसं वाटत होतं. ह्यांनी माझा हात धरला. "मला भीती वाटतेय," म्हणाले. इतक्या दुखण्यात हे पहिल्यांदाच म्हणाले. मग मी त्यांच्याकडे सरकून बसले.

दवाखान्यात आणखी एका जोडप्याला बोलावलं होतं. आमचं जुळलं नाही तर त्यांचं, असा हिशोब. ओझरकडची माणसं. बाई तरुण, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. नवरा बाकावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला, हाताला ह्यांच्यासारख्याच डायलिसिसच्या सुजलेल्या गाठी. आमच्या दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनीही खाली बघितलं. तिचं भलं म्हणजे माझं वाटोळं, आणि माझं भलं म्हणजे तिचं. थोड्या वेळानं तीच उठून आली.

"ताई, सी टाइपचं चार्जर आहे का तुमच्याकडे? माझं लावलं की थांबतं, लावलं की थांबतं."

मी पाकीट काढून दिलं. तिनं लावला, आणि लगेच म्हणाली, "अय्या, किती पटपट चढतोय!" दोघी त्या बोर्डापाशी उभ्या राहून आकडा बघत राहिलो. ती मला म्हणाली, तिच्या नवऱ्यालाही असाच मागं एकदा फोन आला होता, आणि असंच परत पाठवलं होतं. "तेव्हापासून अंघोळीला जाताना फोन खिडकीत ठेवते," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी पण."

रिपोर्ट आले. आमचं जुळलं. ह्यांना आत नेलं आणि त्या जोडप्याला घरी जायला सांगितलं. तिनं नवऱ्याला उठवलं, पिशवी उचलली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमचं चांगलं होऊ दे, ताई." तोंडदेखलं नव्हतं ते. मी त्या क्षणी आनंदात असायला हवं होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार्जर परत दिला तर मी तिच्या हातात कोंबला.

"राहू दे तुझ्याकडे. आणि जोडीनंच वापर हं. नुसती वायर नको, नुसता अडॅप्टर नको."

तिनं पाकीट छातीशी धरलं आणि गेली. आत ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी ह्यांचा विचार करायचा सोडून तिचाच करत होते. आणि त्याचा, ज्याची किडनी होती. त्यालाही कुणीतरी सकाळपासून फोन लावत असेल.

ह्यांचं छान झालं. आता गोळ्या आहेत, तोंडाला मास्क आहे, पथ्य आहे, पण लघवीला जाऊन आलं की असे खुशीत येतात की बघत राहावं. त्यांच्यासाठी नवा चार्जर आणला, आणि फोन आता मेला तरी काही बिघडत नाही. तरी माझी खोड जात नाही. त्या दिवशी बोर्डापाशी तिचा नंबर घेतला होता, रोज सकाळी मी ओझरला तिला फोन करते. ती म्हणते, "लावलाय, ताई." तेवढंच.

परवा तिचा फोन बंद. सकाळी बंद, दुपारी बंद. माझं कशात लक्ष लागेना. भाजी करपली, हे काहीतरी विचारायला आले तर त्यांच्यावर ओरडले. तिच्या नवऱ्याचा फोनही लागेना. नाही नाही ते मनात यायला लागलं. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी. नर्सबाईंच्या फोनवरून बोलतेय. नंबर लागला आमचा! आत नेलंय ह्यांना." ती हसत होती की रडत होती, कळेना. "पण घाईत चार्जर घरीच राहिला बघा. भिंतीलाच लावलेला."

मी चपला घातल्या. हे म्हणाले, "अगं, कुठं निघालीस?" ह्यांचा फोन मिक्सरशेजारी लावलेला होता. मी तो बाजूला ठेवला, बोर्डातून अडॅप्टर उपसला, वायर गुंडाळून मुठीत घेतली आणि जिना उतरले. किती टक्के झाले होते, ते मी बघितलंसुद्धा नाही.